कूलंट नाल्यात नको, कामगाराच्या छातीतही नको

लेथवर किंवा सीएनसीवर लोखंड कापलं जात असताना टूलच्या टोकावर दुधासारखं पांढरं पाणी सतत पडत असतं. ते कूलंट. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहानमोठ्या शेडमधून ते रोज पंपाने फिरतं. ज्यांच्या घरचं माणूस अशा शेडमध्ये कामाला जातं त्यांना त्याचा वास चांगला ओळखीचा असतो, कारण तो कपड्यांतून घरी येतो. मला जे सांगायचं आहे ते त्या माणसाला, त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या मालकालाही आहे. पण त्याआधी ते कूलंट बनवून विकणाऱ्यांना आणि या मालकांकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आहे. कारण या पाण्याचा सगळा भार आज ज्याच्या अंगावर येतो, त्याच्या हातात त्यातलं काहीच ठरवणं नसतं.

कूलंटशिवाय बहुतेक काम चालत नाही, हे आधी मान्य करू. घर्षणाने टूल तापतं, धार जाते, जॉबचं माप बिघडतं. कूलंट ती उष्णता काढून घेतं, वंगण देतं, चिप्स वाहून नेतं आणि नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर लगेच गंज चढू देत नाही. सर्वांत जास्त चालणाऱ्या कूलंटमध्ये साधारण पाच ते दहा टक्के तेल असतं, बाकी पाणी. तेल आणि पाणी आपण होऊन एकत्र राहत नाहीत, म्हणून त्यांना धरून ठेवणारी, गंज रोखणारी, जंतू मारणारी अशी बरीच रसायनं बॅरलमध्ये आधीच घातलेली असतात. काही कूलंटमध्ये तर खनिज तेल मुळीच नसतं, नुसती रसायनं. ‘पाणीच तर आहे’ असं समजून त्यात कोपरापर्यंत हात घालून खाली पडलेला जॉब शोधणारे ऑपरेटर कितीतरी शेडमध्ये दिसतात. त्यांना दोष देता येत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी मशीन चालू केल्यावर काही शेडमध्ये कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जुने लोक तो अंगवळणी पाडून घेतात, पंखा लावतात, अर्ध्या तासात नाकही सरावतं. हा वास म्हणजे टाकीतलं कूलंट सडल्याची खूण. मशीनच्या हायड्रॉलिकमधून आणि स्लाइडवरून गळणारं तेल टाकीत येऊन वर तरंगतं, झाकणासारखं पसरतं आणि हवा कोंडते. मशीन बंद असलं की खाली प्राणवायू उरत नाही. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कूलंटचा पीएच चांगला असताना साडेआठ ते साडेनऊच्या आसपास असतो. जिवाणू वाढले की तो खाली उतरतो, आणि तो उतरला की जिवाणू आणखी वाढतात. त्यात कुणी चहाचा उरलेला घोट ओतलेला असतो, कुणी थुंकलेलं असतं, बिडीचं थोटूक पडलेलं असतं. वास जावा म्हणून अंदाजाने जंतुनाशक ओतलं की जिवाणू मरतात, पण तेच जंतुनाशक हाताची कातडी सोलतं.

सडलेलं कूलंट केवळ घाण वास मारून थांबत नाही, हे इंग्लंडने पाहिलं आहे. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज इथल्या मोटारींच्या इंजिन कारखान्यात २००३-०४ मध्ये कामगार एकामागून एक आजारी पडू लागले. खोकला, धाप, ताप, वजन उतरणं. तपास झाला तेव्हा कूलंटच्या धुक्यातून होणारा दमा आणि फुप्फुसांची ॲलर्जिक सूज, हे दोन आजार त्या कामगारांत सापडले. दर दहा कामगारांमागे साधारण एकाला कामामुळे फुप्फुसाचा आजार झालेला होता. तो काही कोपऱ्यातला अंधारा गाळा नव्हता. कायदे, तपासनीस आणि कामगार संघटना असलेल्या देशातला मोठा कारखाना होता. वेगाने फिरणाऱ्या जॉबवर कूलंट पडलं की त्याचे बारीक तुषार उडतात, त्यांतले सर्वांत बारीक हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. त्यात तेल असतं, रसायनं असतात, आणि मेलेल्या जिवाणूंचे अंशही असतात. म्हणूनच जंतुनाशक ओतलं म्हणजे धोका संपला, असं नाही.

इथे घरच्यांना एक सांगायचं आहे. तुमच्या माणसाला खोकला किंवा धाप लागत असेल आणि सुट्टीच्या दिवशी, गावी गेल्यावर, दिवाळीत बरं वाटत असेल, पण कामावर परतल्यावर पुन्हा तेच सुरू होत असेल, तर हे डॉक्टरांना नेमकं याच शब्दांत सांगा. नुसता ‘खोकला आहे’ म्हटलं की सिगारेट ओढता का, एवढंच विचारलं जातं आणि औषधाची बाटली मिळते. तो कुठल्या मशीनवर आहे, त्यावर कूलंट कुठलं आहे, धुकं उडतं का, हेही सांगा. हातावरची खाज, पुरळ, बोटांच्या बेचक्यातल्या चिरा यांचंही तसंच. रसायनांच्या थेट संपर्काने होणारा त्वचारोग कायद्याने नोंदवायच्या आजारांच्या यादीत आहे. खनिज तेलामुळे होणारा त्वचेचा कर्करोग कायद्याने व्यवसायजन्य आजार मानलेला आहे. लोक मात्र मलम लावतात आणि गप्प बसतात, कारण तक्रार केली तर काम जाईल अशी भीती असते. ही भीती खरी आहे. ती दूर करणं मालकाचं काम आहे, कामगाराचं नव्हे.

तेलाने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवू नका. ही किरकोळ सूचना वाटेल, पण पूर्वी कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलात काम करणाऱ्या सूतगिरणी कामगारांना आणि टर्नरांना तेलाने सतत भिजलेल्या कपड्यांमुळे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होत असे. असं कच्चं किंवा जेमतेम शुद्ध केलेलं खनिज तेल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. आजची चांगली तेलं जास्त शुद्ध केलेली असतात. पण स्वस्तातलं, नाव नसलेल्या बॅरलमधलं तेल काय आहे हे कोण सांगणार? रॉकेलने किंवा थिनरने हात धुऊ नका, त्याने कातडीचं उरलंसुरलं संरक्षणही जातं. एअर गनने अंग आणि कपडे झटकू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, लहान मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. कूलंट कालवताना आणि टाकी साफ करताना हातमोजे घाला, पण फिरत्या जॉबजवळ ते कधीही घालू नका. मोजा अडकला की हात जातो.

एवढं सगळं कामगाराने पाळलं तरी धुकं त्याच्या हाताने अडत नाही. त्यासाठी मशीनला बंद दार लागतं, धुकं ओढून घेणारा कलेक्टर लागतो, आणि सायकल संपल्यावर दार उघडण्यापूर्वी थोडं थांबायची मुभा लागते. ज्या शेडमध्ये जॉबमागे सेकंद मोजले जातात, तिथे ही मुभा ऑपरेटर स्वतःला देऊ शकत नाही.

कायद्याच्या भरवशावर थांबायचं तर फार थांबावं लागेल. आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाने खनिज तेलाच्या धुक्याची आठ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम ठरवलेली होती. अमेरिकेतही मर्यादा तेवढीच. तिथल्याच व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये सगळा पुरावा तपासून कूलंटच्या धुक्यासाठी ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली, म्हणजे एक दशांश. तिथल्या मोटार कामगारांच्या संघटनेने १९९३ मध्येच नव्या नियमाची मागणी केली होती. सरकारने नेमलेल्या समितीनेही ५ मिलिग्रॅमची मर्यादा खाली आणा असं सांगितलं. नियम झाला नाही. संघटना कोर्टात गेली आणि २००४ मध्ये तिथेही हरली. आपल्याकडच्या कागदावरची मर्यादा पाळली, म्हणून माझा कामगार सुरक्षित आहे, असं कुठल्याच मालकाने समजू नये.

आता बॅरल विकणाऱ्यांकडे वळतो. आत काय घालायचं हे तेच ठरवतात, त्यामुळे पहिली जबाबदारी त्यांची. नायट्राइट आणि विशिष्ट अमाइन एकाच कूलंटमध्ये आले की त्यातून नायट्रोसामाइन हे कर्करोगकारक रसायन तयार होतं. अमेरिकेने १९८४ मध्ये अशा अमाइन असलेल्या काही कूलंटमध्ये नायट्राइट मिसळण्यावर बंदी घातली. जड कटिंगसाठी वापरली जाणारी क्लोरिनेटेड पॅराफिन निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाहीत आणि जिवांच्या शरीरात साठत जातात. त्यांतल्या लघुशृंखला प्रकाराचा २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत समावेश झाला. पुण्या-कोल्हापुरातल्या गाळामालकाने हे सगळं वाचलेलं असावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विकणाऱ्याला ते माहीत असतं. त्याने ही रसायनं काढून टाकावीत, आणि बॅरलसोबत येणारी सेफ्टी डेटा शीट मराठीत आणि हिंदीत द्यावी. सोळा भागांचं इंग्रजी पत्रक ऑफिसच्या फायलीत लावून कुणाचाही हात वाचत नाही. मालकांनीही पुढचं बॅरल घेताना विचारावं: यात नायट्राइट आहे का, क्लोरिनेटेड पॅराफिन आहे का, जंतुनाशक कुठलं आहे? लेखी उत्तर न देणाऱ्याचं बॅरल घेऊ नये.

आणि मग शेवटी हे पाणी जातं कुठे? कूलंट खराब झालं की टाकी रिकामी होते. रात्री नळी गटारात सोडली की काम संपलं, असं मानणारे आजही आहेत. एक साधा हिशेब करू. कूलंटमध्ये पाच टक्के तेल धरलं तर एका लिटरमध्ये साधारण ५०,००० मिलिग्रॅम तेल आलं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. एक लिटर कूलंट त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला पाच हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. दोनशे लिटरच्या एका टाकीला दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. उन्हाळ्यात ज्या वस्तीत एका टँकरसाठी रांग लागते, तिथल्या माणसाने हा आकडा मनात धरावा. पातळ करून सोडणं हा अर्थात मार्ग नव्हेच. तसं केल्याने तेल नाहीसं होत नाही.

२०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं तेल आणि तेलकट कचरा परवानाधारकाकडेच द्यावा लागतो आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रं आहेत. दोन मशीनच्या गाळ्याला मात्र दोनशे लिटरसाठी गाडी बोलावणं परवडत नाही, ही अडचण मला बहाणा वाटत नाही. म्हणून औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी पुढे व्हावं. ठरलेल्या दिवशी फिरणारी एक गाडी, इमल्शन फोडून तेल आणि पाणी वेगळं करणारा एक सामाईक प्लांट, आणि लहान गाळ्यांना परवडेल असा दर. वंगण तेलाचे उत्पादक आणि आयातदार यांच्यावर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून टाकलेली आहे. पाण्यात कालवलेल्या कूलंटलाही तोच न्याय हवा: ज्याने विकलं, त्याने ते परत नेण्याची सोय करावी. भंगारवाल्याच्या टेम्पोतून ठिबकत जाणाऱ्या ओल्या चिप्सही यात धरल्या पाहिजेत. त्या निथळून दिल्या तर रस्ता वाचतो आणि कूलंटही परत टाकीत येतं.

कूलंट सांभाळणं महाग नाही. कूलंटमधलं तेलाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या मोबाइलपेक्षा महाग पडत नाही, पीएचच्या पट्ट्या त्याहून स्वस्त. रोज सकाळी प्रमाण आणि पीएच दोन्ही मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहा. वर तरंगणारं तेल स्किमरने काढा. पातळी उतरली की नुसतं पाणी ओतू नका, योग्य प्रमाणात कालवलेलं कूलंट घाला, आणि कालवताना पाण्यात तेल सोडा, तेलात पाणी नव्हे. अशी राखलेली टाकी जास्त महिने चालते आणि बॅरलचा खर्च वाचतो. बिडाची कितीतरी कामं कूलंटशिवाय, कोरडीही होतात. तिथे मात्र धूळ ओढून घ्यायची सोय हवी. काही कामांना तासाला काही मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारणारी पद्धत पुरते. कोल्हापुरात बिडाचं काम एवढं मोठं आहे की तिथल्या उद्योजकांनी हे करून पाहणं सर्वांच्याच फायद्याचं आहे.

आता मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाशी थेट बोलतो. तुम्ही जॉबवर्कचा दर ठरवताना मशीनचा तास, टूल, वीज, मजुरी सगळं धरता, आणि दरवर्षी त्यातून काही टक्के कमी करून मागता. खराब कूलंटच्या विल्हेवाटीची, धुकं ओढणाऱ्या कलेक्टरची, कामगाराच्या फुप्फुसाच्या वार्षिक तपासणीची ओळ त्या दरपत्रकात नसते. ती नसेल, तर तो खर्च नदीने आणि ऑपरेटरने सोसलेला असतो, आणि तुमच्या वार्षिक अहवालातल्या पर्यावरणाच्या पानावर त्याचा उल्लेख येत नाही. ऑडिटला याल तेव्हा जॉबच्या मापाबरोबर कूलंटचा तक्ता बघा, ते शेवटी कुणाला दिलं याची पावती मागा. आणि पुढच्या ऑर्डरच्या दरपत्रकात या खर्चाची वेगळी ओळ घाला, तिचे पैसे द्या.