नॉब ही सजावट नव्हे

मोठा टच स्क्रीन असलेला सिंथेसायझर पुढारलेला आणि नॉब-स्लायडरांनी भरलेला म्हणजे सत्तरच्या दशकात रमणाऱ्यांचा शौक, असा समज कीबोर्डच्या बाजारात पसरत चालला आहे. या समजामागची बाजू कच्ची नाही. नॉबला एकच काम करता येतं. काचेवर त्याच जागी घटकेत मिक्सर येतो, घटकेत सीक्वेन्सर, घटकेत टोनची यादी. आजच्या वर्कस्टेशनमध्ये हजारो टोन असतात आणि एकेका टोनमागे शेकडो घटक. प्रत्येकासाठी वेगळा नॉब बसवायचा तर कीबोर्ड स्टेजवर मावणार नाही. सॅम्पलची लाट नेमकी कुठे कापायची, हे ती डोळ्यांसमोर असल्याशिवाय ठरवताच येत नाही. कॉर्गने 1995 मध्ये ट्रिनिटीवर टच स्क्रीन दिला, तेव्हा चिंचोळ्या डिस्प्लेत डोळे खुपसून काम करणाऱ्यांची खरोखर सोय झाली.

इथपर्यंत माझं भांडण नाही. काचेवर काहीही दाखवता येतं, म्हणून सगळं काचेवरच न्यावं, या पुढच्या उडीला माझा विरोध आहे. टोन आधी घडवून ठेवणं आणि तो वाजवता वाजवता बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि या उडीत ती एकच मानली जातात. 1970 साली आलेल्या मिनीमूगवर वादकाचा उजवा हात सुरावट वाजवतो आणि डावा फिल्टरच्या कटऑफवर असतो. सूर लांबवताना तो नॉब हळूहळू फिरतो, आवाज दबलेला असतो तो उघडत जातो. पेटी वाजवणारा भात्याकडे बघत नाही, तसा हा वादकही नॉबकडे बघत नाही. नॉब किती फिरला हे बोटांना कळतं, परिणाम कानाला कळतो आणि नजर सहवादकांवर राहते. काचेवरच्या चित्रातल्या नॉबला कडा नाही, रोध नाही. तो शोधायला आधी डोळे लागतात. आणि योग्य पान उघडलेलं नसेल, तर तो तिथे नसतोच.

नॉब काढून टाकण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर झाला. 1983 मध्ये यामाहाने डीएक्स7 आणला. एफएम पद्धतीचा हा आवाज त्या काळात अपूर्व होता: काचेसारखा स्वच्छ इलेक्ट्रिक पियानो, घंटा, टोकदार बेस. आत सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांच्या लाटा बदलणारे ध्वनिस्रोत, आणि त्यांच्या जोडणीच्या बत्तीस रचना. आणि एवढं सगळं हाताळायला सपाट बटणांच्या रांगा, दोन ओळींचा डिस्प्ले आणि मूल्य बदलण्यासाठी एकच स्लायडर. बत्तीस रचनांच्या आकृत्या डिस्प्लेवर मावत नव्हत्या, म्हणून त्या कीबोर्डच्या अंगावरच छापल्या होत्या. वाद्य लाखाहून अधिक विकलं गेलं. संगीतकार ब्रायन ईनोसारखे थोडे लोक त्याच्या पोटात शिरले. बहुतेक वादक कारखान्यातून आलेले टोनच वाजवत राहिले. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तोच एक पियानो ऐकू येतो, त्याचं हे मोठं कारण.

यावर उत्तर तयार असतं: एफएमच मुळात किचकट, नॉब असते तरी काय फरक पडला असता? फरक पडतो. कॉर्गने 2020 मध्ये जाहीर केलेल्या ऑप्सिक्समध्ये त्याच जातीच्या सहा ऑपरेटरांना सहा स्लायडर आणि सहा नॉब दिले. एक स्लायडर वर सरकवला की त्या ऑपरेटरचा प्रभाव तिथल्या तिथे ऐकू येतो. गणित बदललं नाही, हाताला वाट मिळाली. खुद्द यामाहाने 2016 मध्ये एफएम असलेला मोंटाज काढला. त्यावर सात इंची टच स्क्रीन आहे. शिवाय आठ नॉब, आठ स्लायडर आणि अनेक घटक एकदम हलवणारा ठळक, प्रकाशमान 'सुपर नॉब'. डीएक्स7 काढणाऱ्या कंपनीनेच दिलेला हा निकाल मला पुरेसा वाटतो.

कीबोर्डच्या डाव्या टोकाकडेही पाहा. टच स्क्रीन असलेल्या वर्कस्टेशनांवरही पिच बेंडचं चाक किंवा जॉयस्टिक शाबूत आहे. आपल्याकडचे वादक त्यावरच मींड काढतात. सोडताच ते स्प्रिंगने मध्यावर येतं, म्हणजे सूर मूळ जागी परतल्याची खात्री हाताला मिळते. मॉड्युलेशनचं चाक मात्र ठेवाल तिथे राहतं. ही दोन कामं काचेवर न्यायला कंपन्या धजत नाहीत. मग कटऑफ आणि रेझोनन्स नेताना त्यांना संकोच का वाटू नये?

आणि ज्यांना स्क्रीन दिसतच नाही त्यांचं काय? अंध असलेल्या स्टीव्ही वंडरने 'टॉकिंग बुक' आणि 'इनरव्हिजन्स' या अल्बमांच्या काळात सिंथेसायझरचं दालन उघडलं. त्याच्या एआरपी 2600 वर ब्रेल अक्षरं बसवता आली, कारण तिथे प्रत्येक स्लायडरची जागा ठरलेली होती. गुळगुळीत काचेवर ब्रेल कुठे चिकटवणार? वाद्य सगळ्यांसाठी असावं असं मानणाऱ्याला हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

काचेच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष जिओश्रेडसारख्या ॲपची आहे. आयपॅडवर बोट सरकवून महेश राघवन कर्नाटक संगीतातली गमकं वाजवतो, ती पियानोच्या पट्ट्यांवर निघणं कठीण. ही साक्ष मी मनापासून मान्य करतो. पण तिथे काच स्वतःच वाद्याची पट्टी झालेली असते. बोटाच्या प्रत्येक सरकण्याचं उत्तर क्षणात कानावर येतं आणि बोट त्यावरून सावरतं. तीन पानं मागे दडलेला फिल्टर गाणं चालू असताना शोधण्याचं समर्थन यातून होत नाही.

टोन बदलला की नॉबची जागा आणि खरं मूल्य जुळत नाही, ही तक्रार खरी आहे. 2001 च्या नॉर्ड लीड 3 ने नॉबभोवती दिव्यांची वलयं देऊन ती सोडवली. नॉब कालांतराने खरखरतात, हेही खरं. पण साधा पोटेन्शिओमीटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो आणि कुशल कारागीर तो बदलतो; उत्पादन थांबलेल्या मॉडेलचा स्क्रीन गेला की सुटा भाग मिळेपर्यंत वाद्य पडून राहतं.

उरतो खर्च. कॉर्गने 2016 मध्ये मिनिलॉग काढला: चार आवाजांचा ॲनालॉग सिंथेसायझर, अंगभर नॉब, तेव्हाची किंमत सुमारे 500 डॉलर. एवढ्या पैशांत हे जमत असेल, तर त्याच्या कितीतरी पट महाग वर्कस्टेशनवर कटऑफला स्वतःचा नॉब न देण्यासाठी पैशांचं कारण पुढे करता येणार नाही.