कपाटाला सीटबेल्ट

वाकडमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा अनुभव असतोच. एक भूमकर चौकातलं ट्रॅफिक आणि दुसरी, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की घर बदलणं. लग्नानंतर आम्ही चार घरं बदलली. चारही वेळा टेम्पोवाल्या काकांनी फ्रिज कसा करकचून बांधला ते मी चहा पीत पीत बघितलं. बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. शिरलं असतं तर मागच्या डिसेंबरचा किस्सा घडलाच नसता!

झालं काय, की नवऱ्याला कॅम्पर व्हॅनचं खूळ लागलं. रात्र-रात्र यूट्यूब बघून झालं आणि एक दिवस सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर दारात. "हॉटेलची कटकट नाही, पाहिजे तिथे थांबायचं, पाहिजे तिथे चहा करायचा." आयडिया सॉलिड होती, मान्य. फर्निचरसाठी आमच्या फ्लॅटचं किचन करणारे मिस्त्रीच बोलावले. १८ एमएमचा प्लाय, चकाचक लॅमिनेट, सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर, बेडच्या वर भिंतीला लटकतं कपाट. दिसायला एकदम झकास. सोसायटीतली मंडळी पार्किंगमध्ये येऊन सेल्फी काढून गेली.

पहिली ट्रिप ताम्हिणीमार्गे कोकण. हिंजवडी मागे टाकली, पौड गेलं. आई मागे बेडवर आडवी झाली होती. (गाडी चालू असताना बेडवर झोपायचं नसतं. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं.) मुळशीच्या आसपास तिला मळमळायला लागलं म्हणून ती पुढे सीटवर येऊन बसली, बेल्टही लावला. दहा मिनिटांनी एका वळणावर समोर म्हैस. नवऱ्याने कचकन ब्रेक मारला आणि मागे धडाम! वरचं कपाट, आतला कुकर, डबे, सगळं बेडवर. बरोब्बर उशीवर.

"कुकरला पोचा आला का गं?" आईने विचारलं. आम्ही दोघं पाच मिनिटं काहीच बोललो नाही.

नंतर बघितलं तर कपाटाचे स्क्रू बॉडीच्या पातळ पत्र्यातून अलगद निघून आले होते. घरी वापरतात तेच लाकडाचे स्क्रू. मिस्त्रींना तरी काय बोलणार? त्यांच्या जगात कपाट फक्त खाली ओढलं जातं. गाडीत ते ब्रेक मारला की पुढे, वळणावर बाजूला आणि खड्ड्यात वर जायला बघतं. जोरात ब्रेक मारला तर ३० किलोचं कपाट साधारण २०-२२ किलोच्या जोराने पुढे ओढतं. आणि देव न करो, पण ६० च्या स्पीडला गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर तेच कपाट ५०० किलोच्या जोराने सुटायला बघतं. ६० च्या स्पीडची टक्कर म्हणजे १४ मीटरवरून खाली पडणं. वाकडच्या टॉवरमध्ये चौथा-पाचवा मजला धरा.

मग भोसरीत बस-बॉडीचं काम केलेले एक काका भेटले. त्यांनी आधी हसून घेतलं आणि मग अख्खं फर्निचर उतरवायला लावलं. त्यांचा फंडा सिंपल आहे : कपाट पत्र्याला नाही, गाडीच्या सांगाड्याला धरलं पाहिजे. म्हणजे आतल्या लोखंडी पट्ट्यांना आणि फ्लोअरला आरपार बोल्ट, मागच्या बाजूने जाड प्लेट किंवा मोठा वॉशर आणि नायलॉनचा नट, जो थरथरीने सैल होत नाही. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघायचं, कारण तिथे वायरिंग, डिझेलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप असू शकतो. भोक पडलं की लगेच प्रायमर, नाहीतर आपल्या पावसाळ्यात गंज ठरलेला. १८ एमएमचा प्लाय बघून त्यांनी कपाळावर हात मारला. गाडीत हलका प्लाय आणि आतून अ‍ॅल्युमिनियमचा अँगल. जड सामान कायम खाली. पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस, सगळं फ्लोअरलगत आणि पट्ट्याने आवळून. वरच्या कपाटात फक्त टॉवेल आणि कपडे.

आणि माझे लाडके सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर? पहिल्याच वळणावर उघडणारे! आता दाबून लॉक होणारे लॅच आहेत. मॅग्नेटवाले कॅच गाडीत शोभेपुरते. रबरी बंजी दोरी फार तर उशा धरेल, कुकर नाही. त्याला न ताणणारा, रॅचेटने आवळायचा पट्टाच पाहिजे.

काकांची एक ट्रिक मला फार आवडली. प्रत्येक नट आवळल्यावर नटवरून प्लेटवर ऑइलपेंटची एक रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक ट्रिपआधी पाच मिनिटं टॉर्च घेऊन बघायचं, बस्स.

कागदाचा भागही सांगते, कारण तिथेही आम्ही उलटे गेलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलंय. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे रस्ता आहे, पण तो आधी आरटीओत जातो, मग मिस्त्रीकडे. मंजुरी नसेल तर अपघातानंतर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. आमची सगळी मंजुरी मिळेपर्यंत गाडी चार महिने पार्किंगमध्ये उभी होती आणि सेक्रेटरी काका रोज एक टोमणा मारत होते.

मे महिन्यात पुन्हा निघालो. यावेळी चालू गाडीत बेडवर कोणीही नाही. चांदणी चौक यायच्या आत आईने मागे वळून तीनदा विचारलं, "कुकर बांधलाय ना?" माणगावला चहाला थांबलो, तर नवरा टॉर्च घेऊन बेडखाली शिरलेला, आणि आई बाहेरून, "अरे, त्या कोपऱ्यातली रेघ बघ, मला वाकडी वाटतेय!"