द्वेषाचा मसुदाकार

द्वेष नेहमी आरडाओरडा करीत येतो, असा आपला एक समज आहे. शासनव्यवहार जवळून पाहणाऱ्याने तरी तो बाळगू नये. सभेतील घोषणेने माणसे पेटतात, परंतु राज्य चालते ते ठराव, नियम, परिपत्रक आणि अर्जाचा नमुना यांवर. म्हणूनच द्वेषाला सत्ता हवी असेल तर वक्त्याइतकीच मसुदाकाराची गरज भासते. फ्रान्सच्या ब्रुनो मेग्रे यांची कारकीर्द याचा उत्तम दाखला आहे.

मेग्रे यांचा जन्म १९४९ चा. एकोल पोलितेक्निक या नामांकित संस्थेत शिक्षण, पुढे अमेरिकेत बर्कली येथे अध्ययन आणि मग फ्रेंच शासनाच्या रस्ते-पूल अभियंत्यांच्या प्रतिष्ठित संवर्गात नियुक्ती. आपल्याकडील पालक मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवतील, असे हे चरित्र. १९८६ मध्ये ते नॅशनल फ्रंटच्या यादीतून संसदेत गेले आणि थोड्याच वर्षांत जाँ-मारी ल पेन यांच्या खालोखालचे नेते बनले. ल पेन यांची जीभ सैल होती. मेग्रे यांची लेखणी शिस्तीची होती. १९९१ मध्ये मार्सेय येथे त्यांनी स्थलांतरितांविषयी पन्नास उपाय जाहीर केले. १९७४ नंतर दिलेल्या नागरिकत्वांची फेरतपासणी, शाळेच्या वर्गांत स्थलांतरितांच्या मुलांसाठी कमाल मर्यादा, सामाजिक विम्याचे वेगळे खाते! शिवी एकही नाही. सारे काही अनुक्रमांकासह.

फेब्रुवारी १९९७ मध्ये मार्सेयजवळच्या व्हित्रोल नगरात या विचाराला प्रयोगशाळा मिळाली. निवडणूक खर्चाची मर्यादा ओलांडल्यामुळे मेग्रे स्वतः अपात्र ठरले होते. म्हणून त्यांच्या पत्नी कातरीन उभ्या राहिल्या व महापौर झाल्या. नेल्सन मंडेला यांच्या नावाचा चौक ‘प्रोव्हान्स चौक’ झाला. १९९८ मध्ये नगरपालिकेने नवजात बालकामागे पाच हजार फ्रँक देण्याचा ठराव केला. मात्र ही रक्कम पालक फ्रेंच किंवा युरोपीय असतील तरच मिळावयाची होती. त्याच गल्लीत राहणाऱ्या, तोच स्थानिक कर भरणाऱ्या अल्जेरियन कामगाराच्या बाळाला काही नाही. प्रशासकीय न्यायालयाने हा ठराव टिकू दिला नाही.

येथे आमच्या काही बंधूंचे आवडते विधान तपासावेसे वाटते: “धोरण नेत्यांचे, मसुदा आमचा; आम्ही केवळ साधन.” हे विधान सोयीचे आहे, खरे नाही. भेदभावाची नुसती घोषणा न्यायालयात उभी राहू शकत नाही. तिला व्याख्या, निकष आणि कलम पुरवावे लागते. ते पुरविणारा हात साधनाचा नसतो, भागीदाराचा असतो. आणि व्हित्रोलला अडविणारे तरी कोण होते? नगरपालिकांच्या ठरावांची वैधता तपासणारा केंद्राचा प्रतिनिधी, म्हणजे प्रीफेक्ट, आणि न्यायाधीश. तेही अधिकारीच! एकाच राज्यव्यवस्थेत दोन्ही प्रकारची माणसे घडली. त्यांच्यातील फरक बुद्धिमत्तेचा नव्हता, निष्ठेचा होता. तटस्थता म्हणजे मत नसणे नव्हे. समतेच्या तत्त्वाशी बांधिलकी हीच प्रशासकाची तटस्थता.

पुढे १९९८ च्या अखेरीस मेग्रे व ल पेन यांच्यात फाटाफूट झाली. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मेग्रे यांना अवघी २.३४ टक्के मते मिळाली. त्या उमेदवारीसाठी देशभरच्या महापौरांना पाठविलेल्या पत्राचा खर्च व्हित्रोलच्या तिजोरीतून केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. ‘राष्ट्र प्रथम’ म्हणणाऱ्यांनी नगराचा पैसा कोणासाठी प्रथम वापरला, हे वाचकांनीच ठरवावे. २००८ मध्ये ते सक्रिय राजकारणातून बाहेर पडले.

माणूस गेला, पण मसुदा गेला नाही. परकीयांना काही सामाजिक मदत मिळण्यासाठी दीर्घ वास्तव्याची अट घालणारा सार्वमताचा प्रस्ताव पुढे मुख्य प्रवाहातील उजव्या पक्षानेच आणला. तो घटना परिषदेने ११ एप्रिल २०२४ रोजी अडविला. वक्त्यापेक्षा मसुदाकार दीर्घायुषी असतो, तो असा.

हे फ्रान्सचे झाले. आपल्याला काय त्याचे, असे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाने तरी म्हणू नये. इंदूर, बडोदा, बंगळूर, दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही अर्जावरील ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी ज्याची लेखणी क्षणभर थबकते, त्याला एका रकान्याची ताकद सांगावी लागत नाही. तो नागरिक आहे, म्हणून राज्यघटनेचे सोळावे कलम त्याच्या पाठीशी आहे; जन्मस्थान वा निवास यांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करण्यास ते मनाई करते, निवासाची अट घालायची तर तो अधिकार केवळ संसदेला देते. व्हित्रोलच्या परक्या कामगाराला एवढेही कवच नव्हते. मात्र हेही विसरू नये की ‘आधी आमचे, मग बाहेरचे’ ही घोषणा मुंबईतही मराठीतूनच दुमदुमली आहे. बाहेर राहून समता मागायची आणि घरी ती नाकारायची, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

मंत्रालयात असो वा तहसील कचेरीत, असा मसुदा कधीतरी प्रत्येक अधिकाऱ्याच्या मेजावर येतोच. त्यावर प्रतिकूल अभिप्राय लिहिण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याच्या उत्कृष्ट गोपनीय अहवालांचे मोल शून्य आहे.