मुठीवर बंदी, हाताचे काय?

२०२४ च्या दिवाळीत मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहणाऱ्या भाच्याकडे होतो. ऐन धनत्रयोदशीला त्याच्या गल्लीतील एका तेलुगू कुटुंबाकडे भरदिवसा घरफोडी झाली. भारतीय घरात सोने असते, हे तिथल्या चोरांनाही आता पाठ झाले आहे. पाडव्याला जेवताना भाच्याने सांगून टाकले, "मामा, मी रायफल घ्यायचं ठरवलंय." भाचेसून वाढता वाढता थबकली, पण बोलली काहीच नाही. त्यांचा थोरला मुलगा सोळा वर्षांचा आहे.

शिक्षणासाठी गेलेला हा मुलगा आता त्या देशाचा नागरिक आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १७९१ पासून आहे आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आहे. त्यामुळे रायफल घ्यावी की नाही, हा प्रश्न सरकारपुढचा नव्हे, घरातला होता. सरकारपुढचा प्रश्न निराळाच निघाला. रायफल दिसावी कशी?

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. भिंतीवर ओळीने लावलेल्या काळ्या रायफलींच्या मुठी मला विचित्र वाटल्या. मुठीमागे माशाच्या परासारखी एक पट्टी होती. तिच्यामुळे अंगठा मुठीभोवती वळवताच येत नाही. हात अवघडून धरावा लागतो. "ही फीचरलेस रायफल," दुकानदार म्हणाला, "म्हणून कायदेशीर." खुलासा ऐकून मी थक्क झालो. त्या राज्याच्या नियमांत असे लिहिले आहे की, अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके चापाच्या वरच्या टोकाखाली ठेवून गोळी झाडता येत असेल, तर ती मूठ 'पिस्तुली मूठ' होय. काढता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला अशी मूठ असली की तिची गणना थेट 'हल्ल्याच्या शस्त्रां'त होते. मिटणारा दस्ता, अंगठ्यासाठी भोक पाडलेला दस्ता, पुढची मूठ, नळीच्या तोंडाशी ज्वाला झाकणारा तुकडा, यांपैकी एकही गोष्ट असली तरी तेच. बोटांच्या बेचक्याची जागा चापाच्या वर की खाली, यावर सद्गृहस्थ आणि गुन्हेगार यांमधील सीमारेषा आखलेली!

या कायद्याचा जन्म एका भीषण घटनेतून झाला, हे विसरून त्याची टवाळी करणे मात्र योग्य होणार नाही. १७ जानेवारी १९८९ रोजी त्याच राज्यातील स्टॉकटन येथे शाळेच्या मैदानावर एका माथेफिरूने गोळीबार केला. पाच मुले गेली, तिसाहून अधिक जण जखमी झाले. मृत मुले कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आश्रयाला आलेल्या कुटुंबांतील होती. मारेकऱ्याला आधी अनेकदा अटक झालेली होती. तरीही शेजारच्या ओरेगॉन राज्यात त्याला दुकानातून राजरोस रायफल मिळाली. अशा वेळी पहिला प्रश्न 'या माणसाला शस्त्र मिळालेच कसे?' हा असायला हवा होता. त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यात मुख्य भर पडला तो बंदुकांच्या नावांच्या यादीवर. अमुक कंपनीचे अमुक मॉडेल बंद. कारखानदारांनी नावे बदलली. म्हणून १९९९ मध्ये नावाऐवजी रूपावर बोट ठेवणारा कायदा आला. मग हुशार डोक्यांनी मॅगझिन बसवून टाकले आणि ते काढण्यासाठी एक खोलगट बटण दिले. हे बटण बोटाने दाबता येत नसे, काडतुसाच्या टोकाने मात्र दाबता येई. अवजाराशिवाय निघते ते काढता येणारे मॅगझिन, असे नियम सांगत होता आणि काडतूस हे अवजारच होय, असेही तोच नियम सांगत होता!

२ डिसेंबर २०१५ रोजी सॅन बर्नार्डिनो येथे दहशतवादी विचाराने भारलेल्या एका दांपत्याने १४ जणांचे बळी घेतले. त्यांच्या रायफली एका परिचिताने दुकानातून घेऊन त्यांच्या हवाली केल्या होत्या. म्हणजे गुन्ह्याची फट पुन्हा माणसाच्या बाजूलाच होती. २०१६ मध्ये बंद झाले ते मात्र ते बटण. त्यानंतर मॅगझिन काढायचे तर रायफलीची मूळ यंत्रणाच उघडावी लागेल, अशी तरतूद झाली. त्यातून मग या माशाच्या परांचा बाजार उभा राहिला.

त्याच दुकानात लाकडी दस्त्याची एक रायफल होती, रूगर कंपनीची मिनी-१४. गावाकडच्या शिकाऱ्याची वाटावी अशी साधी. तिच्यात तेच काडतूस चालते आणि ती काळीही चापाच्या एका ओढीला एकच गोळी झाडते. परंतु हिला मूठ नाही, दस्ता सरळ, म्हणून ती निर्दोष. हीच काळी रायफल मुठीसह नेवाडात रीतसर विकत मिळते. ती गाडीत घालून माणूस राज्याची हद्द ओलांडून इकडे आला की झाला गुन्हेगार. एका जिल्हा न्यायाधीशांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. अपिलात दोन्ही निकालांना स्थगिती मिळाली आणि बंदी चालू राहिली.

कायदा वस्तूच्या बाह्यरूपाशी झटू लागला की प्रामाणिक माणसाला त्याच्याविषयी आदर उरत नाही. त्याला चुकवण्याची कला मात्र वाढीस लागते. आपल्याकडेही हे नवे नाही.

मात्र याच कायद्याच्या काही तरतुदी मला मनापासून पटल्या, आणि अमेरिकेतील बंदूकप्रेमी मंडळी नेमक्या त्यांच्यावरही तुटून पडतात. मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसे नकोत, हा नियम रूपाचा नव्हे. मॅगझिन बदलण्यास लागणारे काही क्षण पळणाऱ्याचा जीव वाचवू शकतात. रायफल घेण्यापूर्वी ३० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते, त्यांपैकी २३ उत्तरे बरोबर हवीत. शस्त्र सुरक्षितपणे हाताळून दाखवावे लागते. पार्श्वभूमीची तपासणी होते. आणि पैसे भरल्यावरही दहा दिवस, म्हणजे मोजून दहा वेळा चोवीस तास, शस्त्र हाती पडत नाही. भाचा यावर चिडला होता. "चोर दहा दिवस थांबणार आहे का, मामा?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु क्रोधाला, निराशेला थांबायला लावण्याचे सामर्थ्य या दहा दिवसांत आहे, आणि त्याची गरज चोरापेक्षा कितीतरी अधिक घरांना आहे.

हे आकड्यांनी सांगतो. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मृत्यू पावली. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २७,३०० जणांनी स्वतःच स्वतःला संपवले होते. शाळेतील गोळीबाराची बातमी जगभर जाते. बंद खोलीतील एका गोळीची बातमी शेजारीही कुजबुजत सांगतात. तिथल्या आपल्या समाजात तर मुलांच्या मनावरील ताण हा विषयच वर्ज्य! गुण, प्रवेश, पुन्हा गुण. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे किती आई-बापांना ठाऊक असते?

आपल्या वाचकांचा कल शस्त्राच्या हक्काकडे असणार, हे मी जाणतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याच्या दोरीने बांधले आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले, ही सल आपण विसरलेलो नाही. खंडेनवमीला शस्त्रपूजन करणारा हा समाज आहे. पण पांडवांनी अज्ञातवासात जाताना काय केले? धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या, शस्त्रे शमीच्या झाडावर उंच बांधली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून शेजारी एक प्रेत टांगून ठेवले. घरात शस्त्र ठेवण्याचा याहून नेटका नियम मला कुठल्याही आधुनिक कायद्यात आढळला नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती लागेल असे शस्त्र ठेवणे कॅलिफोर्नियातही गुन्हा आहे. विजयादशमीला आपण शमी पूजतो; तिच्यावर शस्त्रे का आणि कशी ठेवली होती, एवढे मात्र विसरतो.

जाता जाता एक गंमत. भाच्याचा पुण्याचा एक मित्र तिथे एच-१बी व्हिसावर आहे. अशा व्हिसावरील माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. अपवाद शिकारीचा परवाना असणाऱ्याचा. ज्याने आजवर ढेकूणही मारला नाही असा हा शुद्ध शाकाहारी गृहस्थ आता शिकारीच्या शिक्षणवर्गाला जातो. हरणाच्या कोणत्या भागी नेम धरावा, हे तो मला गांभीर्याने समजावून सांगत होता.

भाच्याने अखेर लाकडी दस्त्याचीच रायफल पसंत केली. जुलै २०२४ पासून लागू झालेला ११ टक्के राज्यकर किमतीत धरून पैसे भरले. त्या रात्री भाचेसून प्रथमच या विषयावर बोलली. तिने दोनच गोष्टी विचारल्या. तिजोरी कुठे ठेवणार, आणि तिचा आकडा कोणाला ठाऊक असणार? पहिल्याचे उत्तर त्याच्याकडे होते. दुसऱ्यावर तो अडखळला. "तुला आणि मला," तो म्हणाला. "नाही," ती म्हणाली, "काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली फक्त माझ्याकडे." मी परत निघालो त्या दिवशी तिजोरी आली होती. दहापैकी सहा दिवस सरले होते. किल्लीवरून नवरा-बायकोचे बोलणे अजून चालूच होते.