छातीवर नंबर नको

साताऱ्यात कुणी पळताना दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "टायमिंग किती?" २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत. गावाला पळायची गोडी तिनेच लावली, हे मान्य. पण त्यापायी पळणं म्हणजे परीक्षाच होऊन बसलंय, ते मला पटत नाही.

मीही त्याच घाटात पळते. ऑगस्टमध्ये धुकं इतकं उतरतं की समोरच्या गाडीचा आधी हॉर्न ऐकू येतो, मग दिवे दिसतात. मी कठड्याशी खुशाल थांबते. घड्याळवाले धापा टाकत शेजारून जातात आणि वर बजावतात, "काकू, थांबू नका!" का नको?

मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तरी कुठून आलं? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षापर्यंत भरलं तेवढं! राजघराण्याची सोय माझ्या गुडघ्यांनी का सांभाळावी? गप्पा मारत पळता येईल तेवढंच माझं अंतर. बोलताना वाक्य तुटायला लागलं की सरळ चालायचं. शेजारची सूनबाईही हल्ली सोबत येते, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत. अर्धा घाट तर आमचा सासवांच्या विषयातच सरतो.