गाडी कोणती?

परवा पुण्याचा भाचा आला. नागपूरपर्यंत विमान, पुढे यवतमाळपर्यंत टॅक्सी. चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारता झाला, "मामा, टिपेश्वरला जाऊ ना उद्या? गाडी कोणती आहे तुमच्याकडे?"

या सदराच्या वाचकांना माझी गाडी ठाऊक आहे. तिला दोन चाकं आहेत आणि मागचं बहुधा पंक्चर असतं.

"पांढरकवड्यापर्यंत एसटी आहे," मी म्हणालो.

"आणि मग?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला. टिपेश्वर म्हणजे केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतलं १४८ चौरस किलोमीटरचं सागवानी रान, टिपाई देवीच्या नावाचं. आत जायचं ते सुन्ना किंवा माथनीच्या फाटकातून, वाहनात बसून. पायी फिरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वाघाच्या घरात चालत जायची हौस मलाही नाही. पण एसटीतून उतरल्यावर फाटकापर्यंत काय, हा प्रश्न उरतोच. स्टँडवरच्या ऑटोवाल्याला मी एकदा तो विचारला होता. त्यानंही उलट विचारलं, "गाडी नाही आणली काय जी?"

गाडी नसलेला माणूस निसर्गात जातोच कशाला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं. याच टिपेश्वरातला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशेब राहिला. नाले, शेतं, रस्ते ओलांडत, मध्ये तेलंगणात डोकावून, तेराशे किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला वाटेत कुणी गाडी कोणती म्हणून विचारलं नाही.

भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तो वाघ होता."

खरं तर आमच्या लहानपणी रान बघायला गाडी होती आणि ती सगळ्यांची होती. शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. इंग्रजांनी कापूस न्यायला बांधलेली. इथला कापूस मँचेस्टरला जायचा आणि हिचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत धापा टाकत होतं, मग डिझेल आलं. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. आत्याच्या गावी, कारंज्याला, आम्ही हिच्यातूनच जायचो. चाल अशी की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. आई ओरडायची, पण बोरं घ्यायला ओचा पुढे करायची. दारव्हा गेलं की मी खिडकी सोडत नसे, कारण कारंज्याच्या बाजूला हरभऱ्यात काळवीट दिसायचे. गाडीच्या आवाजाला ते सरावलेले. मान वर करून बघायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. पुढे जिप्सीतून फिरलो, कॅमेऱ्यांच्या गर्दीत बसलो, पण इतक्या निवांत जनावराकडे इतका वेळ कधी बघायला मिळालं नाही. आता ती गाडी बंद आहे. वर्ध्याहून ब्रॉडगेज येते आहे, २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. ती वेगानं धावेल. बोरांचं काही सांगता येत नाही.

तर भाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवलं आणि निळोण्याच्या तलावावर चालत नेलं. वाटेत पळस पेटलेला होता. पाण्यावर बगळे होते, एक खंड्या होता, आणि मासे धरायला बसलेला एक म्हातारा होता. आमच्या धुळीनं माखलेल्या चपलांकडे बघून तो कळवळून म्हणाला, "पैदल आले? गाडी बिघडली काय जी?"

भाचा इतका हसला की खंड्या उडून गेला.

साडेआठला त्याची टॅक्सी आली. टिपेश्वर राहिलंच.