‘ज्येष्ठ येत नाहीत’ हा कांगावा

आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘ज्येष्ठ मंडळी कार्यक्रमांना येत नाहीत, त्यांना घरच्या मालिका पुरतात.’ ही तक्रार मला मान्य नाही. ती करणाऱ्या कार्यकारिणीने (तीत मीही काही वर्षे बसलो आहे) प्रथम स्वतःची उलटतपासणी घ्यावी.

साडेसहाला जाहीर झालेला कार्यक्रम सत्कार, प्रास्ताविक व पाहुण्यांचा परिचय उरकून साडेसातला सुरू होतो आणि नऊनंतर संपतो. सभागृह पहिल्या मजल्यावर. काचीगुडा, बरकतपुऱ्याची जुनी घराणी मुलांमागोमाग कुकटपल्ली, मियापूरकडे गेलेली. पंचाहत्तरीच्या गृहस्थाने तो जिना उतरून रात्री कोणाच्या सोबतीने घर गाठावे? त्यांच्या न येण्याला आपण खुशाल ‘निरुत्साह’ म्हणतो!

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या व एक्स्प्रेस बसमधून विनामूल्य प्रवास मिळू लागला. भाड्यासाठी मुलापुढे हात पसरण्याचा संकोच वाटणाऱ्या माझ्या परिचयातील कित्येक आजीबाई त्यानंतर देवळाला, बहिणीकडे, हळदीकुंकवाला एकट्या जाऊ लागल्या. त्यांचा स्वभाव एका रात्रीत पालटला नव्हता. वाटेतली धोंड तेवढी दूर झाली होती.

तथापि वाट मोकळी झाली म्हणजे माणूस येतोच, असेही नाही. तेथे त्याची गरज असावी लागते. भजनी मंडळ पाहा. प्रत्येकीच्या हाती टाळ असतो. एखादी आली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या दाराची कडी वाजते. आपल्या व्याख्यानाला न आलेल्याचे नाव तरी कोणास आठवते का? आपण ज्येष्ठांना खुर्ची देतो, काम देत नाही. आम्हा निवृत्त अधिकाऱ्यांचाही यात दोष आहे. हुद्दा सुटला तरी पहिली रांग सुटत नाही, आणि सतरंजी घालायला हात पुढे होत नाही.

‘या वयात त्यांना विश्रांती घेऊ द्या,’ असे कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. सक्तीच्या विश्रांतीला दया म्हणू नये.

केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने या शहरात मराठी संस्था उभ्या केल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण येथेच राहिलो. ते दिवस ज्यांना आठवतात, ते आज ऐंशीच्या आसपास वा पुढे आहेत. कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू आणि घरात मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यांनी पाहिले आहे. त्यांच्या आठवणी लिहून घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. कार्यक्रम सकाळी अकराला व तळमजल्यावर घ्या. परतीची सोबत आधी ठरवा. मोडी जाणणाऱ्याकडे जुने कागद द्या, गाणारीकडे मुलींचा वर्ग सोपवा, आणि जो आला नाही त्याची दुसऱ्या दिवशी चौकशी करा. इतके करूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर ज्येष्ठांना अवश्य बोल लावा. तोवर मात्र ‘ते का येत नाहीत?’ असे विचारणाऱ्यास माझा उलट प्रश्न राहील: आपण त्यांना कशासाठी बोलाविले होते?